गद्धेपंचविशीचं घड्याळ

पहाटेचे चार. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, कुंथलगिरीच्या आसपास, ज्याच्या दावणीला दुभतं आहे त्याचा दिवस या वेळेला सुरू होतो. धारा काढायच्या, दूध खव्याच्या भट्टीवर पोचवायचं, मग रानाची वाट धरायची. अशाच एखाद्या घरात नववीतला पोरगा गोधडी डोक्यावरून ओढून पडलेला असतो. बाप गोठ्यातून हाका मारतो, आई दोनदा हलवून जाते. सहाच्या सुमारास आवाज चढतो. "रातभर मोबाइलात तोंड घालून बसायचं अन् सकाळी मेल्यावानी झोपायचं!" पोरगा उठतो आणि एक शब्द न बोलता बादली आपटतो.

बापाला हा आळस वाटतो. थोडा असेलही. पण बराचसा दोष मेलाटोनिनचा आहे. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी हे संप्रेरक सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. वयात येताना नेमकी हीच वेळ पुढं सरकते, कुणाची तासाभराने, कुणाची दोन तासांनी. झोपेची गरज मात्र आठ ते दहा तासांची राहतेच. म्हणजे दहाला अंथरुणावर टाकलेल्या पोराच्या शरीरात त्या वेळी अजून संध्याकाळच चालू असते. मोबाइलचा उजेड ती आणखी लांबवतो, हे खरं. पण ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्सकाडन यांनी वयात येणं आणि उशिरा झोप येणं यांचा संबंध दाखवला तो १९९३ साली, स्मार्टफोनचा मागमूस नव्हता तेव्हा. गंमत अशी, की आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये मुलांच्या झोपेचा विचार करून शाळा सकाळी नऊनंतर भरवायचं ठरवलं, ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. ज्यांचं घड्याळ खरोखर मागे पडलेलं असतं, त्या आठवी-नववीवाल्यांना सकाळची शाळा सुटली नाही.

मराठीने या वयाला फार आधीच नाव देऊन ठेवलंय: गद्धेपंचविशी. यातला पंचवीस हा आकडा मेंदूशास्त्राच्या चांगलाच जवळ जातो. सहाव्या वर्षापर्यंत मेंदू आकाराने नव्वद टक्क्यांहून अधिक वाढलेला असतो, म्हणून पूर्वी काम तिथंच संपलं असं मानलं जाई. मेंदू-संशोधक जे गीड आणि सहकाऱ्यांनी तीच ती मुलं दर काही वर्षांनी एमआरआय यंत्रात घातली आणि १९९९ मध्ये दाखवून दिलं, की मेंदूची उलथापालथ किशोरवयातही जोरात चालू असते. कपाळामागचा भाग, जो आवर घालतो, पुढचा विचार करतो, तो तर विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. या काळात मेंदूतल्या जोडण्या वाढतात त्यापेक्षा घटतात अधिक. हे नुकसान नव्हे. तुळजापूरकडच्या द्राक्षबागायतदाराला ते समजावून सांगावं लागणार नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. काडी कापल्याशिवाय घड लागत नाही. वापरातल्या जोडण्या राहतात, बाकीच्या गळतात. फक्त वेल छाटताना चिडचिड करत नाही.

मौजमजा, बक्षीस, कौतुक यांना भुलणारा मेंदूतला भाग मात्र कपाळामागच्या भागासाठी थांबत नाही, तो आधीच जोरात असतो. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये एक संगणकावरचा गाडी चालवायचा खेळ वापरून हे तपासलं. बघायला दोस्त असले की किशोरांनी घेतलेला धोका जवळपास दुप्पट झाला. प्रौढांवर प्रेक्षकांचा काही परिणाम झाला नाही. तुळजापूर रस्त्याला ट्रिपल सीट जाणारी मोटारसायकल पाहिली, की मला तो प्रयोग आठवतो. त्या पोराला धोका कळत नाही असं नाही. मागे बसलेल्या दोघांचं बघणं त्याला त्या घटकेला जास्त मोलाचं असतं.

आणि आईचा आवाज? स्टॅनफर्डमधल्या डॅनियल अब्राम्स यांच्या गटाने सात ते सोळा वर्षांच्या मुलांना आईच्या आणि अनोळखी बायकांच्या आवाजात काही निरर्थक शब्द ऐकवले. लहान मुलांच्या मेंदूतली सुखाची केंद्रं आईच्या आवाजाने जास्त उजळली. साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी पारडं फिरलं, अनोळखी आवाजाकडे ओढा वाढला. हे संशोधन २०२२ मधलं. "याला माझं ऐकूच येत नाही" ही घरोघरची तक्रार आहे. पण ऐकू चोख येतं. फक्त या वयात मेंदू घराबाहेरच्या माणसांकडेही कान लावायला शिकतो, कारण पुढचं आयुष्य त्यांच्यातच काढायचं असतं.

मानसशास्त्रज्ञ स्टॅनली हॉल यांनी १९०४ साली किशोरवयाला वादळ म्हटलं. १९२८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी सामोआ बेटांवरच्या अभ्यासातून सांगितलं, की तिथं असलं काही वादळ नाही. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे कडाक्याचे वाद झाले. तरी वादळ मेंदूत असतं की घरात, हा त्यांचा प्रश्न मला धाराशिवमध्ये बसून रास्त वाटतो.

कारण इथल्या पुष्कळ आई-बापांना हे वय आलंच नाही. म्हणजे शरीराला आलं, आयुष्यात आलं नाही. बाप चौदाव्या-पंधराव्या वर्षी औताला लागला. आई सोळाव्या वर्षी परक्या घरात भाकरी थापत होती. तिचाही मेंदू तेव्हा छाटणीतून जात होता, तिलाही उशिरा झोप येत असणार. पण पहाटे उठवायला सासू होती, आणि सासूपुढं बादली आपटता येत नाही. "आमच्या येळेला असलं नव्हतं," असं ती म्हणते तेव्हा खोटं बोलत नाही. पोरगी दहावी-बारावीपर्यंत घरात राहून उलट उत्तर देते, ही गोष्ट या घरांत नवी आहे. ती सगळ्यांच्या वाट्यालाही आलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मराठवाड्यातले कित्येक जिल्हे या सरासरीच्या बरेच वर होते. वाद घालायला पोरगी आधी घरात असावी लागते.

वाद कशावरून होतात? मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेटाना यांनी यावर कित्येक वर्षं काम केलं. त्यांना दिसलं, की मोठ्या तत्त्वांवर फारसं कुणी भांडत नाही. केस, कपडे, मैत्रिणी, पसारा. पालक म्हणतात, ही घरची रीत; मूल म्हणतं, हे माझं खासगी. पत्र्याच्या दोन खोल्यांत आठवीतल्या मुलीला दार लावून घ्यायची सोय नसते. मोबाइलचा पासवर्ड हे तिला मिळालेलं पहिलं दार. तो मागितला की ती का उसळते, ते यावरून कळावं. अशी भांडणं मूल मोठं होईल तशी वाढत नाहीत, उलट कमी होतात. धार तेवढी पंधराच्या आसपास चढते.

मारझोड आणि शिवीगाळ ही मात्र निराळी गोष्ट, तिला भांडण म्हणू नये. गोव्यात 'संगाथ' संस्थेशी संबंधित संशोधकांनी बारा ते सोळा वर्षांच्या दोन हजारांवर मुलामुलींची पाहणी केली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. मारहाण नि अपशब्द सोसलेल्या मुलांत मानसिक आजार जास्त आढळले. अडचणीत ज्यांना मुख्य आधार घरच्यांचाच वाटत होता, त्यांच्यात कमी.

दिवाळीनंतर भूम, वाशी, कळंबकडच्या ऊसतोड टोळ्या निघून जातात आणि किशोरवयीन पोरं आजीजवळ उरतात. सगळी भांडणं मग फोनवर. आई फडावरच्या कोपीत, रात्रीचे नऊ, पहाटे पुन्हा कोयता हातात घ्यायचा म्हणून डोळे मिटत आलेले. इकडे पोराला आत्ता कुठं तरतरी आलेली. जेवलास का, शाळेत गेलतास का, आजीला त्रास देत नाहीस ना. तो प्रत्येक प्रश्नाला "हूं" म्हणतो. फोन मात्र ठेवत नाही.