सिंत्राच्या धुक्यातला त्र्यंबक

लिस्बन उन्हाळ्यात तापतं. तिथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या सिंत्रात मात्र त्याच दुपारी झाडांवरून पाणी ठिबकत असतं. पाऊस नाही, ढगच खाली उतरलेला. एवढ्याशा अंतरात असा फरक कसा?

त्याचं उत्तर डोंगरात आहे. सुमारे 8 कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस जमिनीत घुसला आणि पृष्ठभागावर न येताच आत थिजला. वरचे थर झिजले, कठीण ग्रॅनाइट उघडा पडला. आपला सह्याद्री घडवणारा लाव्हा त्यानंतर दीड कोटी वर्षांनी वाहिला. सिंत्राचा डोंगर तसा बुटकाच, सर्वांत उंच टोक 528 मीटर, म्हणजे माथेरानपेक्षाही कमी. पण तो अटलांटिकच्या तोंडावर आडवा उभा आहे. युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक, काबो दा रोका, याच डोंगररांगेचं. समुद्रावरून आलेली दमट हवा त्याला धडकते, वर चढते, थंड होते आणि धुकं बनते. पानं त्या धुक्यातून पाणी गाळून घेतात. आपल्याकडे जे घाटमाथा मोसमी वाऱ्यांशी करतो, तेच, फक्त लहान प्रमाणात.

अशा गारव्याचा मोह कुणाला नाही झाला? आठव्या-नवव्या शतकात मुसलमान राज्यकर्त्यांनी माथ्यावर दगडी तटबंदी बांधली. 1147 मध्ये लिस्बन पडताच तीही न लढता ख्रिस्ती राजाच्या हाती गेली. मग गावात राजवाडा झाला. त्याच्या मुदपाकखान्याची दोन शंकूसारखी पांढरी धुराडी 33 मीटर उंच आहेत, आणि गाव आधी दिसतं ते त्यांच्यामुळेच. पेना नावाचा पिवळा-लाल महाल सगळे फोटोत पाहतात. 1755 च्या भूकंपात मोडकळलेल्या मठाच्या जागी राजा फर्नांडो दुसरा याने एकोणिसाव्या शतकात तो उभारला. सुंदर आहे, पण मला जरा जास्तच नटवा वाटतो.

माझा जीव अडकतो तो दों जुआंव द कास्त्रो या पोर्तुगीज दर्यावर्दीत. 1538 मध्ये तो आपल्या किनाऱ्याने दीवकडे निघाला आणि वाटेतल्या प्रत्येक बंदराची टिपणं काढत गेला. घारापुरीची लेणी पाहून त्याने थक्क होऊन वर्णन लिहिलं. वसईजवळ त्याच्या होकायंत्राची सुई उत्तरेपासून विचित्र भरकटली, तेव्हा जवळच्या खडकांचा हा परिणाम असावा, असा तर्क त्याने केला. कोकणच्या काळ्या खडकात लोह असतं, हे आपण आज सहज म्हणतो. त्याला त्याची चाहूल सुईच्या भरकटण्यावरून लागली.

1545 मध्ये तो गोव्यात पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला. पुढच्या वर्षी दीवच्या वेढ्यात त्याचा मुलगा फर्नांडो मारला गेला. किल्ला पुन्हा उभारायला पैसे हवे होते, म्हणून त्याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. 

सिंत्रात त्याची बाग होती, पेन्या व्हेर्दे. सांगतात की तिथली फळझाडं काढून त्याने जंगली झाडं लावली, कारण बागेतून उत्पन्न नको, नुसता आनंद हवा. त्याच बागेत एक संस्कृत शिलालेख आहे. तो मूळचा सोमनाथ पाटणचा, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला, इसवी सन 1287 चा. त्रिपुरांतक नावाच्या पाशुपत साधूने पाच देवळं बांधली, त्याची ती प्रशस्ती आहे. साधूने केलेल्या तीर्थयात्रेचीही त्यात नोंद आहे: केदार, प्रयाग, श्रीपर्वत, नर्मदा, आणि गोदावरीकाठचं त्र्यंबक. दीवपासून सोमनाथ लांब नाही, पण तिथून पोर्तुगालपर्यंत समुद्र ओलांडून आलेल्या या दगडावर नाशिकचं त्र्यंबक कोरलेलं असावं, हे वाचताना हाताला गारवा लागतो.

कास्त्रो 1548 मध्ये गोव्यातच वारला. सिंत्राची आपली झाडं त्याला पुन्हा दिसली नाहीत. त्याचा दुसरा मुलगा आल्वारो याने 1560 मध्ये त्याच डोंगरात कापुशू नावाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ बांधला, वडिलांचा नवस फेडण्यासाठी. मठाच्या खोल्यांची दारं माणसाने वाकूनच आत जावं इतकी बुटकी आहेत. ओल आणि थंडी रोखण्यासाठी दारं-छतं बुचाच्या सालीने मढवलेली आहेत. हे बूच म्हणजे बाटलीचं तेच, पोर्तुगालच्या ओकचं. पेनाच्या रंगरंगोटीपेक्षा त्या सालीला धुकं जास्त कळलं होतं.

1995 मध्ये सिंत्राचा हा परिसर, महाल आणि वनांसकट, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. लिस्बनच्या रोसियो स्टेशनातून लोकलने चाळीसेक मिनिटांत पोचता येतं. ऑगस्टात गेलात तरी स्वेटर बरोबर ठेवा.