‘तो एक माझाच निघाला तर?’

पोलिओच्या डोसामुळेच मुलाचा पाय जातो, हे खरे आहे का? पल्स पोलिओचा रविवार जवळ आला की हा प्रश्न हमखास कानावर येतो. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ एवढे सांगून बहुतेक जण मोकळे होतात. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही, कारण त्या प्रश्नात सत्याचा एक बारीक अंश आहे. तो झाकण्यापेक्षा नीट समजून घेतलेला बरा.

तोंडावाटे पाजायच्या लसीत पोलिओचा जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो बाळाच्या आतड्यात वाढतो, शरीराला प्रतिकार शिकवतो आणि काही आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतो. उघडी गटारे असलेल्या वस्तीत तो डोस न घेतलेल्या शेजारच्या मुलांपर्यंतही पोहोचतो आणि त्यांना आयतेच संरक्षण मिळते. शिवाय सुई नको, मोठा खर्च नको. थोडे शिकवले की अंगणवाडीताईही दोन थेंब पाजू शकते. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ राबवता आला तो यामुळेच.

पण आतड्यात वाढता वाढता हा विषाणू क्वचित आपला मूळ स्वभाव परत मिळवतो. मग जो पाय वाचवायचा तोच लुळा पडतो. कधी डोस घेतलेल्या बाळाचा, तर कधी त्याच्या सहवासातल्या दुसऱ्याच मुलाचा. १९९९ या एका वर्षात भारतात असे १८१ रुग्ण नोंदले गेले. पाजलेल्या डोसांचा हिशेब केला तर हे प्रमाण ४१ ते ४६ लाख डोसांमागे एक असे पडते. त्याच वर्षी खऱ्या, म्हणजे निसर्गात फिरणाऱ्या विषाणूने १,१२६ मुलांना गाठले होते. लसीकरण सर्वदूर पोहोचण्यापूर्वी तर दरवर्षी लाखांवर मुले अधू होत. तेव्हा डोस पाजण्याचा निर्णय योग्यच होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

तरीही एका वडिलांनी मला विचारलेले विसरता येत नाही. ‘डॉक्टर, लाखांत एक म्हणता, पण तो एक माझाच निघाला तर?’

हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी स्वेच्छेने पुढे आले त्यांना ती दिली. (पोलिओचे डोस बनवणारी परळची संस्था त्यांचेच नाव लावते.) तो धोका जाणत्या माणसांनी पत्करला होता. मांडीवरचे बाळ काय पत्करणार? त्याच्या वतीने आईबाप पत्करतात, पण बूथवर त्यांना हे कोणी सांगत नसे. सांगितले तर लोक डोसच पाजणार नाहीत, अशी भीती होती. ती अगदीच खोटी नव्हती. पण लोकांना नंतर अर्धवट कळले की अफवा दुप्पट वेगाने पसरते, हेही आपण पाहिलेच.

खरा रोग गावात फिरत होता तोवर डोस त्या बाळाच्याच हिताचा होता. न पाजण्यात धोका कितीतरी मोठा होता. रोग हटत गेला तसे पारडे फिरले. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार. त्यातला दुसरा जगात शेवटचा सापडला तो १९९९ मध्ये, आपल्याच देशात, अलिगढला. तरीही त्या प्रकाराचा जिवंत विषाणू आपल्या डोसात २५ एप्रिल २०१६ पर्यंत राहिला. म्हणजे निसर्गातून गेलेल्या शत्रूसाठी मुले लसीचा धोका पत्करत राहिली. लसीतला हा घटक सगळ्या जगाने एकदम काढायला हवा होता, आणि त्याआधी मृत विषाणूच्या इंजेक्शनचा पुरेसा साठा हवा होता. हे कारण मला पटते. पण सतरा वर्षे पटत नाहीत. अमेरिकेने २००० मध्येच थेंब बंद करून इंजेक्शन सुरू केले होते. ते महाग, आणि आपल्याकडे जन्मणारी बाळे कितीतरी अधिक.

१३ जानेवारी २०११ नंतर देशात निसर्गातल्या पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही, आणि २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. आनंद रास्तच होता. लसीमुळे अधू झालेली मुले मात्र त्या हिशेबात धरलेली नव्हती.

सर्वांच्या भल्यासाठी ज्याच्या वाट्याला इजा आली त्याचा भार सर्वांनी उचलावा, असे जर्मनीच्या न्यायालयाने देवीच्या सक्तीच्या लसीबाबत १९५३ मध्ये ठरवले आणि १९६१ मध्ये तसा कायदा झाला. ब्रिटनने १९७९ मध्ये केला. अमेरिकेच्या १९८६ च्या योजनेत तर लसीवर किरकोळ कर बसवून निधी उभा राहतो. चूक कोणाची हे सिद्ध करत बसावे लागत नाही. आपल्याकडे पल्स पोलिओ जोरात होता त्या काळात असा कायदा नव्हता. त्या मुलाची फिजिओथेरपी, कॅलिपर आणि गावाहून शहराच्या फेऱ्या, सगळे घरच्यांच्याच माथी. ती मुले आज पंचविशी-तिशीत आहेत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसेल तर त्यांनी ते काढून घ्यावे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो.

आजच्या आईबापांनी डोस चुकवू नये. पाकिस्तान व अफगाणिस्तानात पोलिओ अजून आहे आणि विषाणूला पासपोर्ट लागत नाही. जन्मताच थेंब, मग सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याला थेंब. त्यातल्या सहाव्या व चौदाव्या आठवड्याला, तसेच नवव्या महिन्यात, दंडाच्या कातडीत मृत विषाणूचे इंजेक्शनही मिळते. त्यात जिवंत विषाणू नसल्याने पाय लुळा पडण्याचे भय नाही. बाळाची प्रतिकारशक्ती जन्मतः कमी असल्याचे निदान झाले असेल, तर थेंबांपूर्वी डॉक्टरांना जरूर सांगावे.

आणि पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर मालिश करत घरी दिवस घालवू नका. लगेच घाटीत किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यावे लागतात. साठ दिवसांनी त्या मुलाला पुन्हा तपासतात. त्या तपासणीला पाय बरा वाटला तरी जावे, नाही वाटला तर अवश्य जावे.