लग्नानंतरचे आडनाव

लग्न ठरले की आपल्याकडे सगळ्या गोष्टी आधी बोलून घेतात. बस्ता कुठे बांधायचा, मानपान कोणाकोणाचा, जेवणाला माणसे किती, हे सारे यादीच्या दिवशी चार जाणत्यांसमोर कागदावर येते. एवढे एकच कोणी विचारत नाही, की लग्नानंतर मुलगी सही कोणत्या नावाने करणार? ते ठरलेलेच आहे असे दोन्हीकडची मंडळी धरून चालतात. आज त्या न विचारलेल्या गोष्टीविषयी थोडे बोलू.

पूर्वी तसे धरून चालल्याने फारसे अडत नसे, कारण बाईच्या नावाचा कागदच क्वचित असे. घरातला एखादा जुना फेरफार काढून पाहा. बाईचे नाव असलेच तर ते 'गंगूबाई भ्र. रामचंद्र' अशा तऱ्हेचे दिसेल. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा. त्याहून जुन्या कागदांत त्याच जागी 'कोम' हा शब्द येतो. म्हणजे बाई कोणाची कोण, एवढीच ती खूण. शाळा, परीक्षा, नोकरी, बँक हे सगळे बाईच्या वाट्याला आल्यावर नावाला वजन आले आणि अडचणीही आल्या.

शिरूर तालुक्यातले कारेगावच घ्या. पुणे-नगर रस्त्यावरचे, रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारचे गाव. रांजणगावला औद्योगिक वसाहत झाली, दूरदूरची माणसे कामाला आली, खोल्या भाड्याने गेल्या आणि जमिनीला मोल चढले. अशा गावातली एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. दहावी-बारावी झालेली, आयटीआयचा दाखला हाती, लग्नाआधी दोन वर्षे कारखान्यात नोकरी. तिची गुणपत्रिका, आधार, पॅन, बँकेचे पुस्तक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, सगळे माहेरच्या नावाने. लग्न झाले आणि घरच्यांनी हौसेने आधारवर सासरचे नाव लावून आणले. बाकीचे तसेच राहिले. पुढे नोकरी सुटली, निधीचे पैसे काढायचे म्हटले, तर आधारवरची बाई वेगळी आणि निधीच्या खात्यावरची वेगळी! मग कारखान्याकडून दुरुस्तीचा अर्ज आणा, पुरावे जोडा, खेटे घाला. पैसे बुडत नाहीत, पण गरजेच्या वेळी हाती येत नाहीत.

आपल्या मराठी रीतीत ही अडचण जरा जास्तच. आपण आपले नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन भाग लिहितो. लग्नानंतर आडनाव बदलते, आणि मधले वडिलांचे नाव जाऊन तिथे नवऱ्याचे येते. काही घरांत ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहितात, तिथे तर पहिलेही जाते. तिन्ही भाग बदलले, तर जुन्या कागदावरची बाई हीच, हे ओळखायचे कशावरून?

तेव्हा पहिला प्रश्न, कायदा काय म्हणतो. बायकोने नवऱ्याचे आडनाव लावलेच पाहिजे, असे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुठेही नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही नाही. लग्नाची नोंद करताना आडनाव बदलावे लागते, हाही गैरसमज आहे. ती नोंद लग्न झाल्याची. नाव बदलल्याची नव्हे. इतर देशांत मात्र कायद्याने यात हात घातला आहे. जपानमध्ये नवरा-बायकोने एकच आडनाव घ्यावे असा कायदा आहे आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो २०१५ आणि २०२१ साली उचलून धरला. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात उलट, १९८१ पासून बाईचे जन्माचेच नाव चालू राहते. आपल्याकडे दोन्हींपैकी सक्ती कशाचीच नाही. आहे ती रीत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि कारेगावसारख्या, जमिनीला भाव आलेल्या गावात ती बायकांनी नीट ऐकून ठेवावी. "ताई, तुझं आडनाव बदललं, आता तुझा इथं काय हक्क?" असे एखादा भाऊ सहज बोलून जातो. हे बोलणे खोटे आहे. २००५ सालच्या दुरुस्तीने, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ पासून, एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क आहे, मग तिचे लग्न झालेले असो वा नसो. वडील त्या दिवशी हयात असलेच पाहिजेत असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या उकरता येत नाहीत. आडनावाचा यात कुठेही संबंध नाही. सासरचे लावले म्हणून माहेरचा हक्क जात नाही आणि माहेरचे ठेवले म्हणून सासरचा जात नाही. हक्क जातो तो हक्कसोडपत्रावर न वाचता केलेल्या सहीने. ती सही मात्र कोणत्याही नावाने केली तरी लागू पडते!

मग बदलायचे की नाही? सगळ्यांना एकच उत्तर देता येणार नाही. पुष्कळ मुलींना सासरचे नाव मनापासून लावायचे असते. घरात सगळ्यांचे एक, मुलांचे आणि आपले एक, यात एक आपलेपण आहे, त्याला कोणी नाक मुरडू नये. पण जिच्या नावावर शिक्षण आहे, नोकरी आहे, तिने निव्वळ 'रीत आहे' म्हणून बदलू नये असे माझे मत आहे. माहेरचे नाव ठेवले की सासरी जीव लागत नाही, असे म्हणणाऱ्यांनी जिजाऊंकडे पाहावे. सिंदखेडच्या जाधवांची लेक आणि भोसल्यांची सून, ही दोन्ही नाती महाराष्ट्र एका दमात सांगतो. चौंडीच्या शिंद्यांची लेक अहिल्याबाई होळकर म्हणूनच गाजली, आणि चौंडीला तिचा अभिमान तसूभर कमी नाही.

शिरूरचे नाव मराठी साहित्यात एका बाईनेच नेले, हे शिक्षक मंडळींना ठाऊक असेल. 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक १९३३ साली निघाले, त्यावर लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या मुलींची घुसमट त्यात होती आणि त्यावरून मोठे वादळ उठले. लेखिकेचे खरे नाव बाळूताई खरे. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. पण लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर वाचकांसाठी विभावरी शिरूरकरच राहिल्या. घरात एक आणि कामात एक, अशी दोन नावे त्यांनी आयुष्यभर सांभाळली. लेखिकेला हे साधते. कारखान्याच्या हजेरीपुस्तकाला आणि बँकेला साधत नाही, तिथे एकच नाव लागते.

म्हणून निवड कोणतीही करा, ती अर्धवट ठेवू नका. बदलायचे असेल तर आधी लग्नाची नोंद करून दाखला घ्या. खेड्यात तो ग्रामपंचायतीत मिळतो. जमल्यास राज्याच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या, त्याची प्रत जन्मभर उपयोगी पडते. मग आधार, त्यामागून पॅन, बँक, निधी, मतदार यादी. आधारवरचे नाव नेहमीच्या रीतीने दोनदाच बदलून मिळते, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ आणि इंग्रजी अक्षरे तिथेच तपासा. शाळेच्या गुणपत्रिकेवरचे नाव लग्नामुळे बदलत नाही, म्हणून लग्नाचा दाखला तिला कायमचा जोडून ठेवायचा. रेशनकार्डाचे वेगळे आहे. आडनाव बदला वा न बदला, माहेरच्या कार्डातून नाव कमी करून सासरच्या कार्डात घालावे लागते.

जातीच्या दाखल्याचे सांगायचे राहिले. बाईची जात लग्नाने बदलत नाही, दाखला वडिलांकडच्या पुराव्यावरच मिळतो. पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या झाल्यापासून हे फार घरांना भेडसावते. अर्ज सासरच्या नावाने आणि पुरावा माहेरच्या नावाने, मग मुदतीच्या आदल्या रात्री लग्नाचा दाखला शोधत पेट्या उपसायच्या.

माहेरचे नाव ठेवायचे असेल तर काम सोपे, काहीच करायचे नाही. मात्र सासूबाईंना आणि मामंजींना ते लग्नाआधी सांगावे, पत्रिका छापण्याच्या वेळी नव्हे. मुलीने एकटीने न सांगता नवऱ्या मुलाने आपल्या घरी सांगितले, तर गोष्ट निम्म्याने हलकी होते. दोन्ही आडनावे जोडून लावण्याचा मधला मार्गही आहे. कागदोपत्री तो लांबतो आणि एखादा कारकून त्यातले एक आडनाव गाळून टाकतो, एवढे लक्षात असू द्या.

मिळकतीपुरते सरकारनेही थोडे मोकळे केले आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवले की विवाहित बाईची नोंद चालत आलेल्या रीतीने, म्हणजे तिचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी होत राहील. पण मालमत्तेच्या दस्तावर लग्नाआधीच्या नावाने नोंद करण्याची मुभा तिला असेल. तलाठ्याकडे जाताना हे ध्यानात ठेवा. त्या पदाचे नावही २०२४ सालीच ग्राम महसूल अधिकारी झाले, आणि गाव अजून तलाठीच म्हणते.

त्याच निर्णयात शिक्षकांच्या कामाचे आणखी एक आहे. १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलाचे नाव आता बाळाचे, आईचे, वडिलांचे आणि मग आडनाव, अशा क्रमाने सरकारी कागदांवर लिहायचे. ही मुले २०३० च्या सुमारास पहिलीत येतील. दाखल करून घेताना आईचे नाव तिच्या आधारवर जसे आहे तसेच, अक्षर न् अक्षर, रजिस्टरात उतरवून घ्यावे.