'हाकाइ'चे वाचक आणि बापाची आज्ञा

जात कुणालाही सांगू नकोस, असे मुलाला बजावणारा बाप दलित वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. शिमाझाकी तोसोन याच्या 'हाकाइ' (मोडलेली आज्ञा) या १९०६ सालच्या जपानी कादंबरीचा सारा डोलारा या एका आज्ञेवर उभा आहे. नायक सेगावा उशिमात्सु हा शाळामास्तर. तो जपानमधील अस्पृश्य मानल्या गेलेल्या, आज 'बुराकु' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातला. मुलाचे गुपित फुटू नये म्हणून बाप दूर डोंगरात गुरे राखतो आणि तेथेच मरतो. बापाची माया आणि बापाचे भय येथे एकच होऊन जाते.

१८७१ च्या फर्मानाने जपानमध्ये ही अस्पृश्यता कायद्याने संपली होती. पण लगेच १८७२ मध्ये कुटुंबांची सरकारी नोंदवही तयार झाली आणि तीत काही ठिकाणी या लोकांपुढे 'नवे सामान्यजन' असा शेरा पडला. कायद्याने पुसलेले कारकुनाने पुन्हा लिहिले! लग्न जमवताना, नोकरी देताना या नोंदी धुंडाळल्या जात. बुराकु वस्त्यांच्या ठावठिकाण्यांच्या याद्या कंपन्या गुपचूप विकत घेतात, हे १९७५ साली उघडकीला आले. खोली भाड्याने देण्यापूर्वी आडनाव आणि गाव विचारणारा घरमालक आपल्याकडे हेच काम यादीवाचून करतो.

कादंबरी आली तेव्हा नात्सुमे सोसेकीसारख्या मोठ्या लेखकाने तिची वाखाणणी केली. परंतु ज्यांच्याविषयी ती लिहिली होती ते वाचक संघटित झाल्यावर निराळे बोलू लागले. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे 'सुइहेइशा' ही त्यांची संघटना स्थापन झाली. आपली ओळख अभिमानाने सांगा, हा तिचा पुकारा होता. आणि उशिमात्सु काय करतो? वर्गात विद्यार्थ्यांपुढे गुडघे टेकून, इतके दिवस लपवले म्हणून क्षमा मागतो. पुढे तो टेक्सासची वाट धरतो. गुन्हा कुणाचा आणि क्षमा कुणी मागायची?

हा आक्षेप रास्तच आहे. तोसोन त्या समाजातला नव्हता. त्याची सहानुभूती खरी असली तरी ती बाहेरची होती. मात्र त्यावर जो उपाय झाला तो विचार करण्याजोगा आहे. १९३९ च्या सुधारित आवृत्तीत हीनतादर्शक शब्द बदलले गेले. शब्द गेले, गुडघे टेकणे राहिले. १९५३ साली मूळ पाठ पुन्हा छापला गेला, तेव्हा बुराकु मुक्ती चळवळीने प्रकाशकाला जाब विचारला : आजही चालू असलेल्या भेदभावाचे भान न देता हे शब्द वाचकाच्या हाती कसे देता? माझ्या मते ही मागणी शब्द खोडण्यापेक्षा कितीतरी पुढची आहे.

मराठीत बाबुराव बागुलांनी हाच प्रश्न 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेत उचलला. तेथेही जात लपवणारा आहे. त्याच्या शेजारी जात न लपवता ताठ उभा राहणारा काशीनाथ आहे. तोसोनच्या कादंबरीतही आपली जात जाहीर करून लिहिणारा इनोको रेन्तारो आहे, पण त्याचा खून होतो आणि नायकाच्या वाट्याला क्षमायाचना येते. बागुलांचा नायक मार खातो, पण मारणाऱ्यांची क्षमा मागत नाही. हा फरक केवळ प्रतिभेचा नव्हे. बागुलांच्या आधी महाडचा संगर होऊन गेला होता. तोसोनच्या वेळी सुइहेइशा जन्मायची होती.

तरीही काशीनाथाचा गौरव करताना लपवणाऱ्याला भ्याड म्हणून मोकळे होऊ नये. १९१७ साली बडोद्यात खुद्द बाबासाहेबांना पारशी नाव घेऊन पथिकाश्रमात राहावे लागले होते, आणि तेथूनही त्यांना हुसकावण्यात आले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले तेव्हा 'आपल्या घरातले उघड्यावर कशाला मांडले?' असे विचारणारे वाचक आपल्यातच होते. त्यांच्या त्या प्रश्नामागे उशिमात्सुच्या बापाचेच भय होते. नागसेनवनात शिकायला येणाऱ्या खेड्यातल्या मुलाला घरून निघताना आजही ते ऐकावे लागत असेल, तर 'हाकाइ' मराठी वाचकाने जपानची गोष्ट म्हणून वाचायची की आपल्या घरची?