जुनी गाडी, जागती गाडी – लेखांक ७ : दाब पंपात नसतो

गेल्या आठवड्यात रेडिएटर साफ करून आपण इंजिन थंड ठेवलं. आज त्याच्या तेलाकडे वळू.

पालघरहून मनोरकडे निघालं की वाघोबा खिंडीचा चढ लागतो. एप्रिलच्या एका दुपारी आमची प्रीमियर पद्मिनी तो चढ तक्रार न करता चढली. मनोर नाक्यावर गर्दीत थांबलो, तेव्हा मात्र तेलाचा लाल दिवा लुकलुकू लागला. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवला की विझायचा, काढला की पुन्हा पेटायचा. बोईसरला परतल्यावर एका गॅरेजमध्ये निदान झालं, ‘ऑइल पंप गेला, बदला.’ मी काहीही न मोजता नवा पंप बसवून घेतला. पुढच्याच रविवारी, त्याच नाक्यावर, तोच दिवा पुन्हा लुकलुकला.

मुळात पंप करतो काय? पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात गियर पंप असतो. एका घट्ट घरात दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात. तेल दात आणि घराची भिंत यांच्यामधल्या खाचांतून बाहेरच्या बाजूने पुढे जातं. मध्ये दात दातांत रुतलेले असल्यामुळे त्याला मागे फिरायला वाट उरत नाही. तारापूर एमआयडीसीत ज्यांनी फिटरकी केली, त्यांना हे नवीन नाही. दाट तेल किंवा रेझिन ढकलायला कारखान्यांत हाच पंप मोठ्या आकारात असतो.

पण हा पंप फक्त तेल पुढे ढकलतो, दाब तयार करत नाही. घोलवडच्या चिकूवाडीत पाणी देणारा कुणीही हे सांगेल. पाइपचं तोंड मोकळं असलं तर पाणी नुसतं वाहतं. तोंडावर अंगठा दाबला की जोर येतो. इंजिनात तो अंगठा म्हणजे क्रँकशाफ्ट आणि बेरिंग यांच्यामधली चिंचोळी फट. बेरिंग झिजलं की फट रुंदावते आणि अंगठा ढिला पडतो. त्यात इंजिन तापून तेल पातळ झालेलं, आयडलला पंपाचे फेरेही कमी. म्हणून दिवा नेमका नाक्यावर पेटतो, खिंडीत नाही.

म्हणून पंपाला हात लावण्याआधी तपासणीचा क्रम पाळावा. आधी तेलाची पातळी आणि तेलाचं वय पाहा. मग दिव्याचा स्विच काढून त्याच जागी दाबाचा काट्याचा गेज लावा. कित्येकदा बिघाड स्विचमध्येच असतो. इंजिन पुरतं तापल्यावर गेज वाचा. हजार फेऱ्यांमागे साधारण दहा पीएसआय हा गॅरेजमधला जुना ठोकताळा. शेवटचा शब्द मात्र गाडीच्या मॅन्युअलचा.

दाब खरोखरच कमी असेल, तर ऑइल चेंबर उतरवा. पहिली नजर पंपाच्या जाळीवर टाका. काळा गाळ आणि पॅकिंगला सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे तिथेच अडकतात. शोषक पाइपचा जोड सैल असेल तर पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. अनेक जुन्या इंजिनांत पंपाचा दांडा डिस्ट्रिब्युटरशीही जोडलेला असतो. तो हलवण्याआधी खूण केली नाही, तर टायमिंग चुकतं.

आता मोजमाप. पंपाचं झाकण काढून घरावर सरळ पट्टी आडवी धरा आणि पट्टी व गियर यांच्यात फीलर गेज घाला. सर्वसाधारणपणे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर फट चालते, म्हणजे जेमतेम केसाएवढी. झाकणाखाली कागदी पॅकिंग असेल, तर त्याची जाडीही या फटीत धरावी लागते. पुठ्ठ्याचं पॅकिंग कापून बसवलं, तर चांगला पंपही निकामी ठरतो.

झिजलेला पंप सुधारता येतो. गियरच्या घर्षणाने झाकणावर वर्तुळं उमटलेली असतात. जाड सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवा, तेलाचे थेंब टाका आणि झाकण इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत घासा. वर्तुळं दिसेनाशी झाली की झाकण सपाट झालं. त्यानंतर केरोसीनने असं धुवा, की एक कणही उरणार नाही. गियर बदलायचे असतील तर जोडीनेच बदलावेत.

रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढवायचा उपाय मात्र कधीही करू नका. तो व्हॉल्व्ह जास्तीचा दाब सोडण्यासाठी असतो. गरम आयडलला तो बंदच असतो, त्यामुळे वॉशरचा तिथे काडीचाही उपयोग नाही. उलट थंडीच्या सकाळी घट्ट तेलाचा सगळा ताण पंपावर येतो.

बसवताना पंपाच्या पोकळीत पेट्रोलियम जेली भरा. कोरड्या पंपाला तेल ओढता येत नाही. ग्रीस वापरू नका. ते तेलात नीट विरघळत नाही आणि वाटा बुजवतं. स्पार्क प्लग काढून थोडाथोडा सेल्फ मारा, गेजचा काटा वर आला की मगच प्लग लावा.

आमच्या गाडीचं काय झालं? एमआयडीसीत पंपांवर काम केलेल्या एका निवृत्त फिटरकाकांनी दोन्ही पंप शेजारी ठेवून मोजले. नव्यातली फट जुन्यापेक्षा जास्त निघाली. जुन्याचं झाकण घासल्यावर फट ०.०६ मिलिमीटरवर आली. खरा दोष बिग एंड बेरिंगांत होता. ती बदलली आणि जुनाच पंप परत चढला.

१९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यात सुरू झालेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी झाली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता कंपनीचा सुटा भाग मिळण्याची आशा नाही. ज्या गाड्या उरल्या आहेत, त्या फीलर गेज धरणाऱ्या अशा हातांवरच चालणार आहेत. बोईसर-तारापूरच्या शेडमध्ये ते हात अजून आहेत. त्यांच्याकडून शिकायला उशीर करू नये. मनोर नाक्यावर परवा पुन्हा थांबलो होतो. गाडी आयडलला होती आणि दिवा विझलेला होता.

(पुढील आठवड्यात : बेरिंग बदलायचं की क्रँक घासायचा?)