कंटेनरला टॅग, पुड्याला बारकोड

रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या टॅगला आरएफआयडी टॅग म्हणतात. बारीकशी चिप आणि तिला जोडलेली धातूची पातळ अँटेना, एवढाच त्याचा पसारा. बहुतेक टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरकडून येणाऱ्या लहरींवरच चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. बारकोड डोळ्यांसमोर धरून एकेक स्कॅन करावा लागतो. टॅग मात्र खोक्याच्या आत असला तरी काही मीटरवरून वाचता येतो, तोही शेकड्यांनी. शिवाय साधा बारकोड मालाचा प्रकार सांगतो, टॅग त्या एकाच नगाची ओळख देतो.

रोजच्या वापराच्या मालासाठी हे तंत्र वापरावे, हा विचार पुढे रेटला केविन ॲश्टन यांनी. ते प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये होते. गोदामात माल पडून आणि दुकानाची फळी रिकामी, हे त्यांना खटकत होते. १९९९ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत त्यासाठी ऑटो-आयडी सेंटर सुरू झाले. २००३ मध्ये वॉलमार्टने आपल्या शंभर मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून खोक्यांवर टॅग लावायला सांगितले. घाईच झाली ती. टॅग महाग होते. त्यात पाणी या लहरी शोषून घेते आणि धातू त्या परतवतो, त्यामुळे शाम्पूच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे वाचताना अडचण येई. कपड्यांत ना पाणी ना धातू, म्हणून तिथे टॅग चांगला रुजला. डेकॅथलॉनच्या दुकानांत खरेदी पेटीत ठेवली की सगळ्या वस्तूंचे बिल एकदमच होते.

महाराष्ट्रात याचा मोठा वापर दिसतो तो नवी मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदरात. जुलै २०१६ मध्ये तिथे लॉजिस्टिक्स डेटा बँक सुरू झाली. कंटेनरला टॅग लागतो, वाटेतल्या टोलनाक्यांवर आणि कंटेनर डेपोंत तो वाचला जातो, आणि कंटेनर कुठवर आला हे मालकाला क्रमांक टाकून ऑनलाइन पाहता येते. ट्रकच्या काचेवरचा फास्टॅगही याच जातीचा. जानेवारी २०२१ पासून तो ई-वे बिलाशी जोडला गेला, त्यामुळे माल नेणारी गाडी कोणत्या नाक्यावरून कधी गेली याची नोंद राहते.

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावातल्या किराणा दुकानापर्यंत मात्र टॅग सहसा पोहोचत नाही. कंपनीचा डेपो, एजन्सी आणि मग दुकान, असा मालाचा प्रवास. मोठ्या ट्रकला फास्टॅग असतो; पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर काही रुपयांचा टॅग कोण लावणार? तिथे बारकोड पुरतो, आणि दुकानदाराची मागणी सेल्समनच्या मोबाइलवरून एजन्सीकडे जाते. बीड जिल्हा कापसाचा. कापसाच्या गाठीची किंमत बरीच असते, पण ‘कस्तुरी कॉटन भारत’ योजनेत गाठींचा माग ठेवण्यासाठी निवडला गेला तो क्यूआर कोड. तो छापायला स्वस्त आणि वाचायला स्मार्टफोन पुरतो.