बाणाचे पाते : जोडणी आणि धार
(वत्सगुल्म-विदर्भाच्या संदर्भात)

प्रस्तावना

आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म होय. या शाखेतील दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशीम येथे १९३९ मध्ये उजेडात आला आणि शाखेचा इतिहास निश्चित होण्यास त्यामुळे मोठे साहाय्य झाले. याच घराण्यातील हरिषेणाच्या कारकिर्दीत त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे करविले. शेजारचे १७ क्रमांकाचे लेणे त्याच काळातील एका मांडलिकाच्या दानातून झाले. या १७ क्रमांकाच्या लेण्यात श्याम जातक आणि षड्दंत जातक या दोन्ही कथा चित्रित झालेल्या आहेत. दोन्ही कथा धनुष्यबाणाने केलेल्या शिकारीच्या आहेत, आणि दोन्हींत बाण विषलिप्त आहे.

म्हणजे वत्सगुल्माच्या राज्यातील बाणाचे चित्र उपलब्ध आहे. प्रत्यक्ष लोखंडी बाणाग्रे त्याहून बऱ्याच जुन्या काळातील, विदर्भाच्या महापाषाणीय दफनांतून मिळालेली आहेत. महूरझरी (१९७०-७२) आणि नायकुंड (१९७८-८०) या नागपूर जिल्ह्यातील उत्खननांनी या लोहसंस्कृतीचे स्वरूप स्पष्ट केले; नायकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. तथापि चित्र असो वा गंजलेले लोखंड असो, दोन गोष्टी त्यांतून दिसत नाहीत. पाते दांडीवर किती सरळ बसविले होते आणि त्याला धार कशी होती, या त्या दोन गोष्टी. पसरट पात्याच्या शिकारी बाणाचे यशापयश मात्र याच दोहोंवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दोन प्रक्रियांचे स्वरूप व त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्राचीन वर्गीकरण

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराचे वर्णन करताना बाणांच्या मुखांचे कार्य तीन प्रकारचे सांगितले आहे : छेदन, भेदन आणि ताडन. ही मुखे लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची असत. हे वर्गीकरण आकारावरून केलेले नसून कार्यावरून केलेले आहे, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. टोकदार, सुईसारखे मुख भेदन करते, बोथट मुख ताडन करते आणि पसरट, दुधारी पाते छेदन करते. चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीत आलेल्या धनुर्वेदविषयक भागात आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, काकतुंड अशी नावे येतात. त्यांपैकी क्षुरप्र म्हणजे वस्तऱ्यासारखा, हे नावच धारेचे महत्त्व सांगून जाते.

भेदन करणाऱ्या बाणाला धारेची फारशी गरज नसते. छेदन करणारा बाण मात्र धार नसेल तर निरुपयोगी ठरतो. पसरट बाणाने प्राणी मरतो तो आघाताने नव्हे, तर रक्तस्रावाने. तीक्ष्ण धारेने स्वच्छ कापली गेलेली रक्तवाहिनी वाहत राहते. बोथट धारेने चेचली किंवा फाटली गेलेली रक्तवाहिनी आकसते आणि तेथे रक्त लवकर साकळते. अशा वेळी जखमी प्राणी दूर निघून जातो आणि तासन् तास, कधी दिवसेंदिवस, तडफडत राहतो. श्याम जातकातील तरुण बाण लागल्यानंतरही राजाशी दीर्घ संवाद करू शकतो. श्रावणबाळाच्या कथेतही तेच घडते. कथेची ती गरज असेलही, परंतु बाण लागणे आणि तत्काळ मृत्यू येणे यांत किती अंतर असू शकते, हे कथाकारांना पक्के ठाऊक होते असे दिसते. विषाचा वापर हे अंतर कमी करण्यासाठीच होत असे.

पाते सरळ बसविणे

बाणाच्या मागील पिसाऱ्याचे काम बाणाला दिशेवर ठेवण्याचे असते. पिसे गुरुत्वमध्याच्या मागे असल्याने बाण किंचित तिरपा झाला की हवा त्यांना ढकलते आणि बाण पुन्हा सरळ होतो. पसरट पाते हेही एक प्रकारचे पंखच असते. मात्र ते गुरुत्वमध्याच्या पुढे असते. त्यामुळे त्याचा परिणाम नेमका उलटा होतो. पाते दांडीच्या अक्षात नसेल तर हवा त्याला एका बाजूस ढकलते, पिसारा त्याला परत आणू पाहतो आणि या ओढाताणीत बाण मळसूत्राच्या मार्गाने, हेलकावे खात जातो. वेग जितका अधिक, तितका हा दोष अधिक जाणवतो. आधुनिक क्रीडास्पर्धांतील बाणांची टोके निमुळती व बिनपात्याची असतात, म्हणून त्या खेळाडूंना हा प्रश्न एवढा भेडसावत नाही. २०२३ मध्ये बर्लिन येथे जागतिक विजेतेपद मिळविणारा नागपूरचा ओजस देवतळे वापरतो तो कंपाउंड प्रकारातील बाण आणि शिकारी बाण यांची तुलना या एका मुद्द्यावर तरी होऊ शकत नाही.

किती वाकडेपणा चालतो? पाते ५ सें.मी. लांब असेल आणि ते दांडीच्या अक्षाशी केवळ १ अंश कललेले असेल, तर टोक अक्षापासून सुमारे ०.९ मि.मी. बाजूस जाते. एवढा फरक नुसत्या नजरेस सहजी दिसत नाही. म्हणून तो फिरवून पाहावा लागतो. बाणाचे टोक अंगठ्याच्या नखावर किंवा गुळगुळीत लाकडावर हलकेच टेकवून दांडी बोटांनी गरगर फिरविली असता, पाते सरळ असल्यास टोक एका जागी स्थिर राहते. वाकडे असल्यास नखावर थरथर जाणवते. डोळ्याला जे दिसत नाही ते येथे स्पर्शाला कळते.

अर्थात दांडीच वाकडी असेल तर पात्याला दोष देण्यात अर्थ नाही. धनुर्वेदात शराची लांबी मूठ वजा दोन हात, म्हणजे सुमारे ८० सें.मी., आणि जाडी करंगळीएवढी सांगितली असून त्याला यंत्रातून ओढून सरळ करण्याचा निर्देश आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपल्या चोवीस गुरूंमध्ये बाण घडविणाऱ्याचीही गणना केली आहे, कारण बाण सरळ करण्यात तो इतका तल्लीन झाला होता की शेजारून राजाची स्वारी गेलेली त्याला कळली नाही. संत एकनाथांनी १५७३ मध्ये पूर्ण केलेल्या भागवत-टीकेमुळे हा शरकार महाराष्ट्राला परिचित झाला. या दृष्टांताचा आध्यात्मिक अर्थ सर्वज्ञात आहे. परंतु दृष्टांतासाठी नेमका हाच व्यवसाय का निवडला गेला, याचे उत्तर वरील ०.९ मिलिमीटरमध्ये आहे.

पाते दांडीला जोडण्याच्या दोन रीती आहेत. पात्याला मागे खोबणी असेल तर दांडीचे टोक निमुळते करून तीत बसवितात; येथे टोक मध्यभागी निमुळते झाले नाही तर पाते जन्मतःच वाकडे बसते. पात्याला मागे शेपटी असेल तर ती बोरूच्या किंवा वेळूच्या पोकळीत रुतवितात. दांडी चिरू नये म्हणून तोंडाशी ओल्या तातीचे वेढे घट्ट देतात. तात वाळताना आकसते आणि पकड पक्की होते. दोन्ही रीतींत भरण म्हणून लाख किंवा राळ फार सोयीची ठरते. लाख गरम असेतो पाते फिरविता व सरकविता येते, थंड झाली की ते पक्के होते. चूक आढळल्यास पुन्हा ऊब देऊन दुरुस्तीही करता येते. बाण फिरवून पाहणे, ऊब देणे, थोडे वळविणे, पुन्हा फिरवून पाहणे, असे हे काम अनेकदा करावे लागते. पाते उभे असावे की आडवे, यावर पुष्कळ वाद घातला जातो. पण पिसाऱ्यामुळे बाण हवेत फिरतच जातो, तेव्हा तो वाद निरर्थक आहे.

पिसाऱ्याविषयी धनुर्वेद बराच काटेकोर आहे. प्रत्येक बाणास सहा अंगुळे लांबीची चार पिसे सांगितली असून शार्ङ्ग, म्हणजे शिंगाच्या, धनुष्याच्या बाणासाठी हीच लांबी दहा अंगुळे होते. अधिक जोरदार धनुष्याच्या बाणाला अधिक मोठा पिसारा, हा नियम हवेतील वर्तनाच्या वरील विवेचनाशी सुसंगत आहे.

धार

भट्टीत गाळलेले जुने लोखंड मऊ असे. त्याला धार टिकवायची तर काठाशी कोळशातील कर्ब मुरवून आणि मग विझवून तो कठीण करावा लागे. यालाच मराठीत ‘पाणी देणे’ म्हणतात. संस्कृत ग्रंथांतील ‘पायन’ हा शब्द हीच कल्पना सांगतो. बाणाग्राच्या पायनासाठी पिंपळी, सैंधव व कुष्ठ ही द्रव्ये गोमूत्रात वाटून लेप देण्याची कृती धनुर्वेदात आहे. त्यातील औषधींचा धातूवर काय परिणाम होतो हे सांगणे धाडसाचे होईल. क्षारयुक्त पाण्यात लोखंड साध्या पाण्यापेक्षा अधिक वेगाने निवते, एवढे मात्र निश्चित.

धार लावताना प्रथम कानशीने दोन्ही बाजूंस उतार काढतात. पसरट पात्याला प्रत्येक बाजूस सुमारे २० ते २५ अंशांचा उतार योग्य ठरतो. त्याहून कमी ठेवल्यास धार हाडावर आपटून दुमडते, अधिक ठेवल्यास पाते कापण्याऐवजी चेपते. त्यानंतर खरबरीत दगड. एका बाजूने पुरेसे घासले की दुसऱ्या बाजूस धातूचा अतिशय बारीक पापुद्रा वळतो. नखाला तो अडखळतो. हा पापुद्रा पात्याच्या संपूर्ण लांबीभर जाणवला म्हणजेच घासणे काठापर्यंत पोहोचले असे समजावे. मग बाजू बदलून, दाब कमी करीत, बारीक दगडावर तो काढून टाकतात आणि शेवटी कातड्यावर फिरवितात. पापुद्रा तसाच राहिला तर धार हाताला तीक्ष्ण भासते, परंतु पहिल्याच आघातात ती मोडून पडते. नवशिक्यांची फसगत बहुधा येथेच होते. परीक्षा म्हणून ताणलेल्या रबरावर पाते नुसते टेकवून पाहतात. रक्तवाहिनी रबरासारखीच लवचीक असून बोथट धारेपुढून ती बाजूला सरकते.

येथे धार आणि जोडणी यांचा संबंध येतो. एका काठावर कानस अधिक चालली तर पाते एका बाजूने अरुंद होते, हवेचा दाब दोन्ही बाजूंस सारखा राहत नाही, आणि सरळ बसविलेले पातेही वाकड्यासारखे वागू लागते. म्हणून प्रत्येक काठावरील हात मोजून मारावे लागतात. प्रत्येक काठाला एकाच बाजूने उतार दिलेले पाते शरीरात शिरताना फिरते. त्याची फिरण्याची दिशा पिसाऱ्याच्या दिशेशी जुळली पाहिजे, अन्यथा दोन्ही एकमेकांविरुद्ध काम करतात.

वाशीम परिसर आणि आजची स्थिती

वाशीम-अकोला पट्ट्यात शिकारीसाठी प्रसिद्ध असलेला समाज फासेपारधी होय. मात्र नावाप्रमाणेच त्यांचे मुख्य साधन फासा आहे, बाण नव्हे. तीरकमठ्याची परंपरा उत्तरेस, सातपुड्यातील भिल्ल समाजात अधिक ठळकपणे दिसते. त्यांच्या मासेमारीच्या एका बाणाचे पाते मुद्दामच सैल बसविलेले असल्याची नोंद आहे. मासा विद्ध होताच पाते सुटते, दोरीने जोडलेली दांडी पाण्यावर तरंगते आणि मासा कोठे आहे ते दाखविते. जोडणी घट्ट हवी हा नियमही कार्य पाहूनच ठरतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ९ नुसार शिकारीस बंदी आहे, आणि कारंजा-सोहोळ येथील काळविटांच्या दृष्टीने ती आवश्यकही आहे. परंतु त्यामुळे हे ज्ञान वापरातून गेले. लोहार, घिसाडी आणि शिकलगार यांच्या हातांना विळा, कोयता व सुरी यांची धार अजून ठाऊक आहे. फिरवून पारखलेल्या पात्याची जोडणी मात्र यांपैकी कशातच लागत नाही. ती सांगू शकणाऱ्या वृद्ध कारागिरांच्या मुलाखती शिकारीच्या गुन्ह्याच्या भीतीमुळे सहजी मिळत नाहीत, ही क्षेत्रीय अभ्यासातील खरी अडचण आहे.

संग्रहालयातील गंजलेल्या बाणाग्रांचे वर्णन सामान्यतः लांबी, रुंदी व आकार एवढ्यावर थांबते. त्यासोबत शेपटीचा अक्ष पात्याच्या मध्यरेषेशी किती अंशांनी कललेला आहे, मध्यरेषेपासून दोन्ही काठांची अंतरे समान आहेत का, आणि उतार एका बाजूस आहे की दोन्ही, या तीन नोंदी घेता येतील. गंजाने धार नाहीशी होते, परंतु पुन्हा पुन्हा धार लावून एका बाजूने झिजलेल्या पात्याची असमान रुंदी बऱ्याचदा शिल्लक राहते. आणि असे झिजलेले पाते वापरात राहिलेले होते, केवळ दफनासाठी घडविलेले नव्हते, हे त्यावरून ठरविता येते.